पाच वाजता पडणारं शटर

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. बाई खिडकीपाशी एका अनोळखी माणसाचा वरचा जबडा हातात धरून बसल्या होत्या. जबडा प्लास्टरचा होता. त्यावरच्या मेणाच्या पट्टीत त्या एकेक दात रोवत होत्या. आधी मधले दोन, मग शेजारचे, मग सुळे. दात रोवायचा, गरम पात्याने कडेचं मेण वितळवायचं, हात लांब करून बघायचं आणि दात पुन्हा केसभर वळवायचा. एक दात त्यांनी मुद्दाम जरा तिरका ठेवला. सगळे सरळ बसवले की तोंड नाही, कुंपण दिसतं, असं त्या म्हणतात.

ही दातांची लॅब आहे. आसपासचे दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाची मापं पाठवतात आणि इथली पाच माणसं त्यावरून कवळ्या करून परत पाठवतात. खोल्या तीन. पुढे टेबलं, मधे प्लास्टर आणि पॉलिशचं यंत्र, मागे अडगळ. चांगल्या उजेडाची खिडकी एकच आणि ती बाईंच्या टेबलाला लागून. दाताचा रंग दिव्याखाली फसवतो, म्हणून लॅबचा नियम आहे की रंग खिडकीत बघायचा, बाकी सगळं दिव्याखाली. रंग जुळवायचा असला की ज्याला त्याला आपलं काम घेऊन बाईंच्या टेबलाशी यावं लागतं. बाई सरकून जागा देत नाहीत. त्या स्वतःच खिडकीत धरून बघतात आणि निकाल देतात. त्या टेबलावर बसतो तो लॅबमधला पहिला कारागीर, हे कुणी ठरवलेलं नाही, पण सगळे मानतात. थोरल्या मालकांनी एकोणीस वर्षांपूर्वी बाईंना तिथे बसवलं. तेव्हापासून बाई सगळ्यांच्या आधी येत आल्या आणि सगळ्यांच्या नंतर जात आल्या. घरी पोचायला साडेआठ ठरलेले. त्याआधी गेल्या असतील तर अंगात ताप असताना.

थोरले मालक थकले आणि त्यांनी लॅब मुलीच्या हातात दिली, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ही धाकटी मालकीण शाळेत असताना मधल्या खोलीत प्लास्टरचे उंदीर करत बसायची. बाई तिला "ए उंदीर" अशीच हाक मारायच्या. आता "ए" म्हणता येत नाही आणि "अहो" जिभेवर चढत नाही. म्हणून बाई तिच्याशी बोलताना हाकच गाळतात. "चहा हवाय का?" "डॉक्टरांचा फोन येऊन गेला, सांगायचं राहिलं."

त्या सकाळी मालकीण पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजपासून पाच वाजता शटर. हातातलं काम जिथे असेल तिथे ठेवायचं. काम घरी न्यायचं नाही. पगार आहे तोच."

एवढं बोलून ती आपल्या टेबलाकडे गेली. पॉलिशवाले काका तिच्या मागोमाग गेले, पगार तोच ना, हे दोनदा विचारून आले आणि बाईंच्या टेबलाशी थांबले. काका एकसष्ट वर्षांचे आहेत. कान यंत्राच्या घरघरीने थोडे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"ताई, देव पावला."

"देव पावला की आधी खिसा चाचपायचा, काका."

"म्हणजे?"

"काम कमी आणि पगार तेवढाच, असं कोण देतं? सासरासुद्धा जावयाला देत नाही."

"आपली दया आली असेल पोरीला."

"दया आली की माणूस नवी खुर्ची देतो. घरी जा म्हणत नाही."

काकांनी मान हलवली आणि ते आपल्या यंत्राकडे गेले. पाच वाजता सगळ्यात आधी चप्पल त्यांनीच घातली. बाई शेवटी निघाल्या. शटर मालकिणीने स्वतः ओढलं, कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. हे कुलूप ओढून बघणंही बाईंना आवडलं नाही. ते नेमकं कुणासाठी, हा प्रश्न त्यांना बसथांब्यापर्यंत पुरला.

घराला कुलूप होतं. बाईंकडे किल्ली होती, पण ती बॅगेच्या तळाशी होती आणि कुठल्या बाजूने फिरते ते त्यांना आठवेना. आजवर त्या घरी येत तेव्हा दार आतून उघडलं जात असे. नवरा शाळेची बस चालवतो आणि चारला मोकळा होतो. मुलगी नववीत आहे, ती साडेचारला येते. रात्रीचा स्वयंपाक नवऱ्याकडे. बाई साडेआठला येत, हात धुऊन पानावर बसत, नखांतलं मेण काढत दोन शब्द बोलत आणि झोपत. संध्याकाळी सहा वाजता आपलं घर कसं दिसतं हे त्यांनी किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

घर रिकामं दिसलं. ओट्यावर दोन पेले उपडे. गॅस थंड. त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर मुलीचं दप्तर, आणि ते तिथे पहिल्यांदा ठेवलेलं वाटत नव्हतं. बाई दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. ती डुगडुगत होती.

पावणेआठला बापलेक आले. नवरा दारातच थबकला.

"बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग? नोकरी गेली?"

"लवकर सोडलं."

"का?"

"तेच कळत नाहीये. तुम्ही कुठे होतात?"

"जरा बाहेर."

मुलगी सरळ आतल्या खोलीत गेली. तिचे केस ओले होते.

"हिचे केस कशाने भिजले?"

"घाम," नवरा म्हणाला. "भरभर चाललो ना. आणि मग तिने तोंड धुतलं."

नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना तो एकाऐवजी दोन कारणं देतो. बाईंना हे लग्नाच्या आठव्या दिवशी कळलं होतं. त्यांनी ती दोन्ही कारणं ऐकून घेतली.

पुढचे पंधरा दिवस बाई दोन आघाड्यांवर नजर ठेवून होत्या. घरी रोज तोच प्रकार चालला. त्या सहाच्या आत घरी, घराला कुलूप, पावणेआठला दोघं ओल्या केसांनी हजर. विचारलं की कधी मैत्रिणीकडे अभ्यास, कधी बाजार. एकदा दोन्ही. बाजारातून आलेल्यांच्या हातात पिशवी नव्हती.

लॅबमधलं लक्षण त्याहून वाईट होतं. एका गुरुवारी हातात मोजपट्टी घेतलेला एक माणूस आला. मालकिणीने त्याला सगळी लॅब फिरवून दाखवली. त्याने मागच्या खोलीचं दार मोजलं, मग खोली मोजली, मग पुन्हा दार. जाता जाता तो बाईंच्या टेबलाशी थांबला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, "उजेड छान आहे."

"काका," तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "हा कोण?"

"कपाटवाला असेल."

"कपाटवाला खिडकीतून बाहेर बघतो?"

"तुम्ही पण ना ताई. उद्या मांजर आडवं गेलं तरी म्हणाल, मालकिणीने पाठवलं."

"पाच वाजता सगळ्यांना बाहेर काढायचं," बाई मेणाचं पातं पुसत म्हणाल्या, "आणि बघायचं कुणावाचून अडतं आणि कुणावाचून नाही. ज्याच्यावाचून अडत नाही त्याला आधी पाचला घरी, मग तीनला घरी, मग कायमचं घरी. चाळणी आहे ही."

"मग मी गळलोच," काका म्हणाले. "माझ्यावाचून बायकोचंसुद्धा अडत नाही."

बाई हसल्या नाहीत. आपलं टेबल जाणार, हे त्यांच्या मनात त्या दिवशी पक्कं झालं. टेबल गेलं की खिडकी गेली. मग आणखी कुणाच्या तरी मागे कवळी घेऊन उभं राहायचं आणि "जरा रंग बघून सांगा" म्हणायचं. तेवढं होण्याआधी आपल्यावाचून अडतं हे दाखवून द्यायला हवं. आणि दाखवायला जागाही होती. रोज पावणेदोन तास रिकामं असलेलं एक घर, ज्याचं कारण कुणी सांगत नव्हतं.

काम घरी न्यायचं नाही, असं मालकिणीने बजावलं होतं. बाईंनी ते जेवणाच्या डब्यात नेलं. पहिल्या दोन वेळा किरकोळ होतं, मेणाच्या कडा साफ करणं वगैरे. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी निवृत्त शिक्षिकेची कवळी नेली.

ही शिक्षिका शुक्रवारी आपल्या जुन्या शाळेत भाषण करणार होती आणि तिच्या कवळीचा पुढचाच एक दात तुटला होता. कवळी बारा वर्षांची, रोजच्या चहाने मुरलेली. नवा दात त्या मुरलेल्या रंगाला जुळवायचा होता, आणि असा रंग कुठल्याच पाकिटावर छापलेला नसतो. तो डोळ्यांनी शोधावा लागतो. एरवी याला दोन दिवस लागतात. बाईंनी ठरवलं की हे काम उद्या सकाळी तयार करून मालकिणीच्या टेबलावर ठेवायचं. बघू मग चाळणीचं काय होतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पिवळ्या दिव्याखाली, त्यांनी सुट्या दातांची पाकिटं मांडली. सहा दात धरून बघितले. पाचवा असा जुळला की आजूबाजूच्यांतून ओळखू येईना. बाई स्वतःवर खूश झाल्या. दात घासून जागेवर बसवला, मेणाने धरला. एवढ्यात दारात किल्ली वाजली. बापलेक त्या दिवशी अर्धा तास आधीच आले होते.

बाईंनी पाकिटं ओढणीखाली घेतली, कवळी ओल्या कापसात गुंडाळून डब्यात टाकली आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. हातांना दुसरं काही सुचलं नाही.

मुलगी सरळ फ्रिजकडे गेली. रोजच जात असावी. तिने डबा काढला, उघडला आणि दोन्ही हातांनी तसाच धरून उभी राहिली.

"आई, फ्रिजमध्ये दात आहेत."

नवऱ्याने डब्यात बघितलं. "कुणाचे?"

"एका शिक्षिकेचे."

"आपल्या फ्रिजमध्ये कसे?"

"काम आहे. उद्याचं."

नवरा खुर्ची ओढून बसला. नेमकी डुगडुगणारी. "आता खरं सांग. लॅब बंद पडलीय ना? मी दोनदा साडेपाचला तिथून गेलो. शटर खाली. तू रोज सकाळी निघून जातेस कुठे?"

"लॅबमध्ये."

"बंद लॅबमध्ये?"

"पाचपर्यंत उघडी असते."

"एकोणीस वर्षं आठ वाजवणारी लॅब पाचला बंद होते, पगार तेवढाच, आणि काम फ्रिजमध्ये. तूच सांग, मी काय समजायचं?"

बाईंकडे याला उत्तर होतं, पण त्यांनी प्रश्न विचारला. "आणि तुम्ही दोघं रोज जाता कुठे?"

नवऱ्याने तोंड उघडलं. पहिलं कारण त्याच्या जिभेवर आलेलं दिसलं, आणि त्यामागे दुसरंही.

"बाबा, सांगून टाक," मुलगी म्हणाली. तिने पाठीवरची पिशवी उतरवली, त्यातून एक ओला, निळा पोहायचा पोशाख काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. पाणी फरशीवर टपकू लागलं.

"पोहायला," ती म्हणाली. "तलावावर. दीड वर्ष झालं."

"तुझा कान? तो वाहायचा ना?"

"डॉक्टरांनी बघितला. चालेल म्हणाले. कानात बोळा घालते."

"मला कुणी विचारलं नाही."

"विचारलं. तू जेवत होतीस. 'बघू' म्हणालीस."

"मग?"

"मग काय? 'बघू' म्हणजे नाही."

"मी नाही म्हटलं नव्हतं."

"हो पण नव्हतं म्हटलं."

"तू साडेआठला यायचीस," नवरा म्हणाला. "आम्ही पावणेआठला. सांगायची वेळच आली नाही. मग सांगायला उशीर झाला. मग आणखी उशीर झाला."

बाईंनी मुलीचं डोकं जवळ ओढून वास घेतला. तलावाच्या पाण्यात टाकतात त्या औषधाचा वास. हा वास त्या दीड वर्षं घेत होत्या आणि नवा शांपू समजत होत्या.

"अजून काय काय आहे," त्यांनी विचारलं, "मला माहीत नसलेलं?"

मुलीने बापाकडे बघितलं. "बाबा पण शिकतोय. त्याला अजून पाय उचलता येत नाहीत."

"येतात," नवरा म्हणाला. "रोज नाही येत."

भांडण झालं नाही. दोघांनी इतकं सरळ सांगून टाकलं की यामागे अजून काहीतरी असणार, असं मात्र बाईंना वाटत राहिलं. तपासायला आणखी काही उरलं नव्हतं. डबा पुन्हा फ्रिजमध्ये गेला. बाजूला मुलीने अंडी नीट लावून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सकाळीच दाताभोवतीची गुलाबी हिरडी भरली, ती घट्ट झाल्यावर कवळी काकांकडे दिली. काकांनी ती चाकावर फिरवली, पुसली आणि हातात धरून बघत राहिले.

"ताई, हा पाहुणा वाटतो."

"कोण?"

"हा पुढचा. बाकीचे घरचे, हा पाहुणा."

"काका, तुम्ही चकाकी बघा. रंग मी बघते."

"बघितला ना पण?"

"मग काय न बघता देते?"

खिडकी दोन पावलांवर होती. पण आता खिडकीत धरायचं म्हणजे तो आधी खिडकीत बघितला नव्हता हे कबूल करायचं, आणि तेही काकांसमोर. बाईंनी कवळी पाकिटात घातली आणि मालकिणीच्या टेबलावर ठेवली. मालकीण म्हणाली, "इतक्या लवकर?" बाईंना ते कौतुक वाटलं. तो प्रश्न होता.

सोमवारी कवळी परत आली. पाकिटाआधी डॉक्टरांचा फोन आला. शिक्षिका भाषणाला उभी राहिली तेव्हा पहिली रांग तिच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत होती. घरी जाऊन तिने आरशात बघितलं. मग डॉक्टरकडे येऊन तिने कवळी काढून त्याच्या टेबलावर ठेवली आणि शाळेत चुकलेल्या गणितासारखं बोट ठेवून दाखवलं.

मालकीण पाकीट घेऊन बाईंच्या टेबलाशी आली. तिने कवळी खिडकीत धरली. त्या उजेडात बाकीचे दात जुन्या बटणांच्या रंगाचे होते आणि पुढचा एक निळसर पांढरा. लहान मुलाच्या तोंडातून काढून आणल्यासारखा. आंधळ्यालाही दिसला असता.

"हा या खिडकीत जुळवला?"

मधल्या खोलीतलं पॉलिशचं यंत्र बंद झालं. काकांना ऐकू कमी येतं, पण हवं तेव्हा येतं.

बाई म्हणाल्या, "नाही. घरी. दिव्याखाली."

"घरी न्यायचं नाही असं सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग का?"

इतके महिने गाळलेली हाक बाईंच्या तोंडातून आता आली, आणि आली ती जुनीच. "ए, तू पाचला शटर का पाडतेस ते आधी सांग. आणि खरं सांग. टेप घेऊन आलेला तो माणूस कोण होता? माझं टेबल कुणाला द्यायचंय?"

मालकिणीने कवळी खाली ठेवली. शेल्फावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर उघडला. त्यात परत आलेली कामं होती. चुकलेले रंग, वाकडे दात, तडकलेल्या हिरड्या. या डब्यात बाईंचं काम आजवर कधी नव्हतं.

"पाचनंतर ही खिडकी काळी पडते," ती म्हणाली. "तरी सगळे बसायचात. बाबा बसवायचे. आणि त्या वेळात केलेलं काम परत यायचं. एक दात दोनदा करायचा, माल दोनदा, वीज दोनदा, वर डॉक्टरची बोलणी. मला नाही परवडत. पाचला बंद करणं स्वस्त पडतं."

"म्हणजे आमच्यासाठी नाही?"

"नाही. लॅबसाठी."

कामगारांनी घरच्यांना वेळ द्यावा, आयुष्य फार लहान आहे, असलं काही तिने सांगितलं असतं तर बाईंनी त्यावर तिळभरही विश्वास ठेवला नसता. हे कारण फायद्याचं होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला, म्हणजे अर्धा.

"आणि तो टेपवाला?"

"मागच्या खोलीत ठोकळ्यातून आपोआप दात कापून काढायचं मशीन बसेल का बघायला आला होता."

बाईंनी खिडकीची चौकट धरली. "बसतं?"

"नाही. दार अरुंद आहे."

"आणि रुंद केलं तर?"

"भिंत घरमालकाची. तो नाही म्हणतो. सध्या."

म्हणजे संशय खोटा नव्हता. बाईंनी 'सध्या' तेवढा ऐकून जपून ठेवला. मालकिणीने शटरची किल्ली काढली. ती म्हणाली, "टेबल तुमचंच आहे. मशीन आलं तरी रंग बघायला माणूस लागणार. पण उद्यापासून शटर तुम्ही ओढायचं. पाच वाजता, सगळे गेल्यावर, बॅग बघून."

"कुणाची बॅग?"

"काकांच्या बॅगेत काय असतं ते मला माहीत आहे. तुमची."

तिने किल्ली टेबलावर ठेवली. मधल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

"काका," बाई म्हणाल्या, "यंत्र चालू करा."

दात बाईंनी त्याच दिवशी पुन्हा केला. या वेळी खिडकीत, उन्हं उतरायच्या आत. त्यांनी वेगवेगळे नऊ दात धरून बघितले आणि नववा घेतल्यावरही काकांना हाक मारली.

"बघा. पाहुणा वाटतो का?"

काकांनी बराच वेळ बघितलं. मुद्दाम. "आता घरजावई वाटतो," ते म्हणाले. "चालेल."

घरी बाईंनी सगळं सांगितलं. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "शटर ओढायला तुला ठेवलंय, हे वर चढवलंय की खाली उतरवलंय?"

"तेच मी येताना बसमध्ये विचार करत होते."

"मग?"

"कळलं नाही. उद्या तलावावर येते मी."

मुलीने मान वर केली. "का?"

"बघायला."

"काय बघायला? आम्ही खरंच जातो का ते?"

"तसं नाही."

"तसंच आहे. तुला अजून खोटं वाटतंय."

"येऊ दे गं," नवरा म्हणाला. "माझे पाय बघेल."

"यायचं तर ये," मुलगी म्हणाली, "पण अटी आहेत. सगळ्यांसमोर ओरडायचं नाही. कानाचं विचारायचं नाही. आणि लोकांच्या दातांकडे बघत बसायचं नाही."

बाईंनी दोन अटी पाळल्या. तलावाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, त्यातल्या तिसऱ्या पायरीवर त्या बॅग मांडीवर घेऊन बसल्या. मुलगी खरंच पोहत होती; बाईंनी कल्पना केली होती त्यापेक्षा पुष्कळ वेगाने, आणि पलीकडच्या भिंतीला हात लावून वळली की थेट आईकडे बघत होती. आई बघते आहे की बॅगेत काही करते आहे, हे ती तपासत असावी. नवऱ्याचे पाय उचलले जात नव्हते. शिकवणाऱ्या माणसाचा पुढचा वरचा दात खोटा होता आणि फार पांढरा होता. कुणीतरी दिव्याखाली जुळवलेला. बाईंनी तिकडे चार वेळा बघितलं.

बॅगेत फक्त रिकामा डबा होता. तरी त्यांचा हात अधूनमधून तिच्या चेनवर जात होता.

या गोष्टीला आता महिना होत आला. मागच्या खोलीचं दार बाईंनी मालकीण जेवायला गेलेली असताना स्वतः मोजून बघितलं आहे, आणि मशीनच्या जाहिरातीत छापलेल्या रुंदीशी ताडून बघितलं आहे. मशीन बसत नाही. घरमालक जिन्यात भेटला की बाई त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. पूर्वी करत नसत. घरी दप्तराला वेगळी जागा मिळाली आहे. डुगडुगणारी खुर्ची अजून तशीच आहे, कारण ती नीट करायचं काम कुणाचं यावर एकमत नाही. मुलगी अजूनही तलावावर आधी पायऱ्यांकडे बघते, मग पाण्याकडे.

उद्या शटर पाच वाजता पडेल. किल्ली बाईंकडे आहे. तलावाची तिकीट खिडकी साडेपाचला उघडते. नुसतं बघायला बसणाऱ्यांना तिकीट लागत नाही. बाईंनी ते दोनदा विचारून घेतलं आहे.